डब्यातली दुसरी नळी

माझ्या गळ्याला भोक आहे. हे पहिलेच सांगून टाकतो, कारण लोक माझ्याशी बोलताना तिकडंच पाहतात आणि पाहत नाही असं दाखवतात. पाहा ना बाप्पा. भोक आहे, त्यात धातूची एक नळी बसवली आहे, आणि मी त्या नळीतून श्वास घेतो. नाक आता फक्त चष्मा टेकवायला उरलं.

शिक्षण माझं चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही. पण मागच्या खेपेला नागपूरच्या दवाखान्यात तपासणीला गेलो, तिथं एक नवरा-बायको बसले होते. नवऱ्याच्या गळ्यात नवी नळी. बायकोच्या मांडीवर दवाखान्यानं दिलेली सामानाची पिशवी, ती तिनं अशी धरली होती की जशी आत्ता फुटते. तिथली सिस्टर मला ओळखते. म्हणाली, "काका, तुम्ही जुने आहात. यांना जरा घरचं सांगा नं."

मला बोलायचं असलं तर भोकावर अंगठा दाबावा लागते. दाबला की आवाज निघते, घासलेल्या पत्र्यासारखा. थोडं बोललो आणि दम लागला. अर्धं सांगायचं राहून गेलं. त्या बाईच्या तोंडावरची भीती तशीच राहिली. घरी येताना गाडीत वाटलं, लिहायला तर अंगठा लागत नाही. म्हणून हे लिहून राहिलो.

आवाज गेला तेव्हा

मी पांढुर्ण्याला जिनिंगमध्ये कामाला होतो. रुईचा कचरा उडते, सगळ्यांचेच गळे बसतात, वरून बिडी. त्यामुळं माझा आवाज बसला ते मी मनावर घेतलं नाही. खोकल्याचं औषध प्यालो, हळदीचं दूध प्यालो. आमची बुढी म्हणजे माझी बायको, ती रोज टोकायची. "काय जी, कोंबडा बोलते का तुमच्या गळ्यात? दाखवून या एकडाव." मी म्हणायचो, "कोंबडा आहे तर अंडे तर मागून नाही राहिला नं."

मग श्वासाला शिट्टी वाजायला लागली. जिना चढताना तर दूरच, चपला घालायला वाकलो तरी वाजायची.

नागपूरला नाकातून दुर्बीण घातली. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्यानं माझ्या पोराला, दिलीपला, बाजूला नेलं. दिलीप परत आला तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहायला लागला. मी समजलो. बुढी मात्र उठली आणि सरळ डॉक्टरच्या टेबलापाशी गेली. म्हणाली, "साहेब, कॅन्सर आहे का? सांगून टाका, आम्हाले बस पकडाची आहे."

डॉक्टर म्हणाला, "हो आई. आवाजाच्या पेटीत आहे."

"बरं," ती म्हणाली. "मग जेवू शकतीन का हे?"

"जेवतील."

"मग ठीक आहे."

बाहेर आल्यावर तिनं मला बाकावर बसवलं, पदरानं स्वतःचं तोंड पुसलं, आणि डबा उघडून पोळी-भाजी पुढं केली. मला घास उतरेना. ती म्हणाली, "साहेबानं सांगतलं नं जेवू शकतात म्हणून? मग जेवा." आम्ही जेवलो. निदानाच्या दिवशी काय झालं असं कोणी विचारलं तर मला तेच आठवते. तिनं मला वांग्याची भाजी खाऊ घातली.

शेकाई, म्हणजे किरणांचा इलाज, सुरू व्हायच्या आधीच श्वास पार बंद होत आला, म्हणून घाईत गळ्याला भोक पाडलं. पुढं शेकाई झाली, गाठ जिरली, पण आतली वाट आवळून गेली ती गेलीच. नळी काही निघाली नाही. डॉक्टर म्हणाला, आता ही तुमच्यासोबत राहील. राहू दे. पाहुणे येतात, जातात. ही राहिली.

वॉर्डात

वॉर्डाबद्दल जास्त लिहीत नाही. जो राहिला त्याला माहीत आहे, जो नाही राहिला त्यानं विचारू नये. सकाळ झाली की मशीनचा आवाज सुरू होते. गळ्यातला कफ ओढायचं ते मशीन. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर, सुरसुर सुरसुर, आपली पाळी येईपर्यंत ऐकत पडायचं. बारीक रबरी नळी भोकातून आत जाते तेव्हा असा खोकला येते की डोळ्यांतून पाणी निघते. मग मोकळं वाटते. एवढं मोकळं की तेवढ्यापुरतं सिस्टरच्या पाया पडावं वाटते.

सगळ्यात भारी मला आवाज नसणं गेलं. सवयीनं तोंड हलवायचो आणि काहीच निघायचं नाही. बाजूच्या खाटेवरचा माणूस माझ्यासारखाच, कळमेश्वरकडचा. त्याच्याजवळ पाटी होती. पहिल्या दिवशी त्यानं लिहून दाखवलं, "तुमची बोलती बंद, बायको खूश आहे." मी हसलो तर भोकातून कफ उडाला आणि त्याच्या चादरीवर पडला. त्यानं पुसलं आणि परत लिहिलं, "माझी पण अशीच खूश आहे."

बुढी मात्र शिकून राहिली होती. सिस्टर तिला दाखवायची. नळीत नळी असते. बाहेरची गळ्यातच राहते, आतली काढून धुता येते. जरा फिरवली की खिट्टी सुटते आणि आतली निघून येते. कफ सुकून बसला तर तो आतल्या नळीत बसते, ती काढली की श्वास मोकळा. बुढीनं एवढे सवाल विचारले की सिस्टर हात जोडून म्हणाली, "मावशी, तुम्ही इथंच नोकरी करा."

मी ते काही पाहिलं नाही. ती नळी काढायची तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचो. आरसा तर कधी हातात घेतला नाही. माझ्या गळ्याकडं मी सोडून बाकी सगळ्यांनी पाहिलं असेल.

सुट्टी झाली तेव्हा नळ्यांची दुसरी जोडी दिली. एक तेवढ्याच मापाची, एक बारीक मापाची. सिस्टर म्हणाली, "गळ्यातली कधी निघाली, नाहीतर बंद पडली, तर ही घालायला लागते. तेव्हा शोधत बसायला वेळ नसते. स्वच्छ ठेवा, कोरडी ठेवा, हाताशी ठेवा."

तिचा डबा

घर आमचं तिगावजवळ. घरी आल्यावर बुढीनं पहिलं काम काय केलं, तर स्टीलचा झाकणाचा डबा काढला. दिलीपच्या लग्नात घेतलेला, झाकणावर मशीननं ठिपके ठिपके करून तिचं नाव टाकलेलं. त्यात अनारसे राहायचे. अनारसे दुसरीकडं गेले, डबा माझ्या नळ्यांचा झाला.

नळी उकळायला एक वेगळा गंज, म्हणजे पातेलं, ठेवला. एकदा तिचा भाऊ आला होता, त्यानं बिचाऱ्यानं स्वतःच उठून त्या गंजात चहा मांडला. बुढीनं तो चहा अंगणात ओतला. भाऊ म्हणाला, "अवं बाई, उकळलेलाच तर आहे." ती म्हणाली, "उद्या तुह्या गळ्यात साखर घालून पाह्यतो मी, चालन का?"

उकळलं की चिमट्यानं उचलायची. धुतलेल्या पांढऱ्या फडक्यावर जाळीखाली वाळवायची. उन्हात नाही, चुलीजवळ नाही, देवाजवळ नाही. देवाजवळ का नाही असं मी पाटीवर लिहून विचारलं होतं. म्हणाली, "उदबत्तीची राख उडते जी." पूर्ण कोरडी झाल्याशिवाय झाकण लावायची नाही. जोडीच्या नळ्या वेगवेगळ्या पुरचुंडीत, सोबत कैची, फीत. डबा दाराजवळच्या फळीवर. कपाटात नाही, कारण कपाटाला किल्ली असते.

सगळं चांगलं होतं. एकच गोष्ट होती. त्या डब्याला ती दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नव्हती. सून वर्षा, सौंसरची पोर, हाताची चलाख, मनाची चांगली. तिनं मागं एकदा विचारलं, "आई, मले पण दाखवा नं काय काय आहे." बुढी म्हणाली, "मी आहे नं. तू भाजी पाह्य." मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं, खोटं कायले बोलू. माझ्यासाठी कोणी एवढं जपून ठेवते, याची गुर्मी होती मला.

सौंसरचं लग्न

गेल्याच्या मागल्या उन्हाळ्यात वर्षाच्या चुलत बहिणीचं लग्न होतं सौंसरला. वर्षा जाणार होती. पण बुढीच म्हणाली, मी जातो, किती वर्षं झाले घराबाहेर पाय नाही टाकला. आजारपण माझं होतं, पण घरात कोंडून ती पडली होती. जामसांवलीला मारुतीजवळही जाऊन येतो म्हणाली, माझ्यासाठी बोललेलं काही फेडायचं राहिलं होतं तिचं.

निघताना वर्षाला तिनं रोजची नळी कशी काढायची, कशी धुवायची, ते तेवढं दाखवलं. करून घेतलं तिच्या हातून. मग फळीकडं बोट करून म्हणाली, "डब्याले हात लावू नोको. मी उद्या येतोच."

आली नाही. लग्नाच्या मांडवातच पडली. सौंसरच्या दवाखान्यात नेलं, डोक्यातली नस फुटली म्हणाले. दिलीप मला गाडीवर बसवून घेऊन गेला. मी पोचलो तेव्हा तिच्या हातावर मेंदी होती. म्हातारपणी कोणत्या पोरींनी लावून दिली होती कोण जाणे.

लोक म्हणतात, माझं करता करता गेली. खोटं आहे. बीपीची गोळी रोज घे म्हटलं तर घ्यायची नाही, म्हणून गेली. माझी नळी वेळेवर धुतली, स्वतःची गोळी विसरली, तिच्यावर मला अजून राग आहे. रडायचं म्हटलं तर तेही मला धड जमत नाही. रडताना कफ वाढते, मग कोणाला तरी मशीन लावावं लागते. आपण रडायचं आणि दुसऱ्याला कामाला लावायचं. म्हणून नाही रडत.

दसरा

ती गेल्यावर रोजची नळी वर्षा करू लागली. नीट करायची. मी डोळे मिटून घ्यायचो, तिला वाटायचं दुखून राहिलं. "मामाजी, झालं, झालं," म्हणायची. डबा फळीवर तसाच. त्याला कोणी हात लावला नाही. तिनं सांगितलं होतं नं, हात लावू नका. मेलेल्या माणसाचा शब्द जास्तच पाळतात लोक.

मग दसरा आला. वर्षभर सण नव्हता आमच्याकडं, पण औजारांची पूजा तर करावीच लागते. विळा, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, दिलीपची पिकअप गाडी. ज्याच्यावर घर चालते त्याला त्या दिवशी धुऊन पुसून हळदकुंकू लावायचं. मी अंगणात खाटेवर बसलो होतो. गावातले पोरं सोनं द्यायला येऊन राहिले होते, आपट्याच्या पानांचा ढीग झाला होता मांडीवर.

वर्षानं आतून हाक मारली. "मामाजी, या नं जरा. पाहा."

पाटावर कफ ओढायचं मशीन, त्याला झेंडूचा हार. बाजूला बुढीचा डबा. त्यावर कुंकू, अक्षता, वर आपट्याचं पान. वर्षा पदर सावरून म्हणाली, "मी म्हटलं, यांची गाडी चालते त्याच्यावर घर चालते. पण मामाजीचा श्वास ज्याच्यावर चालते त्याले कोणी पुजलंच नाही. आई असत्या तर केलं असतं."

माझे डोळे भरले. मी हात जोडले. त्यात काय खोटं होतं? काहीच नाही. पोरीनं मनातून केलं होतं.

फक्त मला हे माहीत नव्हतं की तिनं डबा उघडून केलं होतं. पुरचुंड्या सोडून, एकेक नळी ताम्हणात ठेवून, पाण्यानं धुऊन, हळदकुंकू लावून, अक्षता वाहून. मग तशीच ओली पुसून, परत बांधून, झाकण घट्ट लावून ठेवून दिली. आणि सगळं इतकं नीट ठेवलं की बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, बुढीच करून गेली.

झाडझूड

दिवाळीच्या आधी घर झाडावं लागते. सण नसला तरी जाळे थोडेच थांबतात. दिलीप संत्र्याच्या पेट्या घेऊन सौंसरला गेला होता. वर्षानं मला अंगणात बसवलं होतं, गळ्यावर ओलं फडकं टाकून. मी थोडा वेळ बसलो. मग चष्मा आत राहिला म्हणून उठून गेलो. फडकं खाटेवरच राहिलं. आत भिंत खरडून राहिले होते, चुना पिठासारखा उडत होता.

खोकला आला. खोकलो, पण निघालं काही नाही. आतमध्ये काहीतरी फिरलं आणि बसलं. दाराला कडी लागते तसं बसलं. श्वास घ्यायला गेलो तर छाती वर झाली, हवा आलीच नाही. 

ज्याला अनुभव नाही त्याला सांगतो. बुडणारा माणूस हातपाय मारते तरी. इथं तुम्ही आपल्या घरात, आपल्या पायावर उभे, समोर तुमची सून भिंत खरडून राहिली, पाठ तुमच्याकडं, आणि तुम्हाला हाक मारता येत नाही.

मी ताटली उचलून भिंतीवर मारली. वर्षा वळली. माझं तोंड पाहून तिच्या हातातलं खरडणं पडलं.

"मामाजी! मशीन, मशीन आणतो थांबा."

मशीनचं बटण दाबलं. चालू नाही. ओल्या फडक्यानं बोर्ड पुसायचे म्हणून तिनंच सकाळी मेन स्विच बंद केला होता. लाइट नसली तर कामाचं, पायानं दाबायचं मशीन दिलीपनं माळ्यावर चढवलं होतं, झाडझुडीपायी. ती स्विचकडं धावली, अर्ध्या वाटेतून परत आली, फळीवरचा डबा काढला. झाकण निघेना. दातानं ओढल्यासारखं ओढून उघडलं, पुरचुंडी फाडली, नळी बाहेर काढली.

मी पाहिलं, तिनंही पाहिलं. नळी आतून लाल होती. कुंकू ओलं होऊन सुकलं होतं, त्याचा थर. आणि तोंडाशी तांदळाचे दाणे, फुगून चिकटलेले. 

वर्षा खालीच बसली. नळी हातात धरून म्हणाली, "मी केलं. मामाजी, हे मी केलं." आणि तिच्यानं हलणंच होईना. रोज माझ्या गळ्यातली नळी काढणारी पोर, तिला त्या घडीला एवढंही सुचेना की पहिले तीच काढायची असते. घाबरल्यावर कोणाला सुचते?

माझ्या डोळ्यांपुढं अंधारी येऊन राहिली होती. तिच्याकडून काही होत नाही, हे मला दिसलं. मग माझा हात माझ्या गळ्याला गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी रोज डोळे मिटून घ्यायचो खरं, पण बुढीचे बोट काय करायचे ते गळ्याला माहीत होतं. एक बोट खाली टेकवायचं, दुसऱ्यानं वर धरायचं, जरा फिरवायचं. खिट्टी सुटल्याचा बारीक आवाज मी हजारदा ऐकला असेल. तो आवाज आला. मी ओढलं.

आतली नळी बाहेर आली, तिच्या टोकाला गोंदासारखा कफाचा गोळा. आणि हवा आली. भोकातून आत शिरली तर थंड लागली. मी भिंतीला टेकून बसलो आणि नुसता श्वास घेत राहिलो. वर्षा समोर बसून रडत राहिली. घरभर चुना. आम्ही दोघंही पिठात लोळल्यासारखे पांढरे दिसत होतो.

जरा वेळानं मी बोटानं गंज दाखवला. ती उठली. हात धुतले तिनं, साबणानं, कोपरापर्यंत. गळ्यातलीच नळी धुतली, उकळली, वाळवली, घातली. 

कोणाची चूक

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला डॉक्टरांकडं नेलं. ती डब्यातली नळी वर्षानं सोबत आणली होती. लपवता आली असती, तिनं टेबलावर ठेवली. डॉक्टरनं उजेडात धरून पाहिली. म्हणाले, "उदबत्ती ओवाळली का नाही?" मग तिचं तोंड पाहिलं. हळू बोलले, "बाई, ही घातली असती तर दाणे सरळ खाली फुप्फुसात गेले असते. यानं श्वास सुरू व्हायचा नाही, असलेला जायचा."

पण त्याच्या आधी, ज्या दिवशी झालं त्या संध्याकाळी, दिलीप घरी आला होता. सगळं ऐकलं आणि बायकोवर सुटला. "अक्कल आहे का तुले? पूजा कराची चीज आहे ते? मारलं असतं नं बापाले!" ती नुसती भिंत पुसत राहिली, पुसलेलीच भिंत.

मी अंगठा भोकावर दाबला. "दिलीप."

त्याला ऐकू गेलं नाही. मी ताटली वाजवली.

"तिले बोलू नोको," मी म्हणालो. प्रत्येक शब्दाला दम लागत होता. "तिले कोणी सांगतलं होतं? तू? तुले तरी माहीत आहे का त्या डब्यात काय आहे? सांग."

त्यानं डब्याकडं पाहिलं.

"नाही माहीत नं? मलेही नव्हतं."

"आईले माहीत होतं," दिलीप म्हणाला.

"हाव. आणि ती घेऊन गेली सोबत."

 गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलतो. तिनं डबा असा जपला की आमच्या कोणाच्या हाती लागू दिला नाही. प्रेमानं जपला, ते मला कळते. तिच्यावाचून माझा श्वास चालू नये, असं तिला कुठंतरी बरं वाटत असेल, आणि मलाही बरं वाटत होतं. दोघं म्हातारे त्यातच सुखी होतो. पण डब्यातल्या नळीला हे सुख कळत नाही. तिला कोरडं ठेवणारा हात लागते, आणि तो हात एकच असला तर एक दिवस तो मेंदी लावून सौंसरच्या खाटेवर पडलेला असते.

वर्षानं पुसायचं थांबवलं. म्हणाली, "मामाजी, आईले नाव नोका ठेवू." मग रडली ती वेगळंच रडली. आम्ही तिघंही रडलो. मला मशीन लावावं लागलं. लाइट होती.

आता कसं आहे

नागपूरच्या त्या बाईला हे सांगायचं होतं, म्हणून लिहितो. तुमच्या घरी असा डबा असेल तर तो जपा, पण एकट्यानं जपू नका. घरातल्या सगळ्यांना उघडून दाखवा. ज्याला भोक आहे त्याला तर सगळ्यात पहिले. मला कोणी आरसा दिला नाही, कारण मी मागितला नाही. तुम्ही मागा. देवाजवळ ठेवू नका, चुलीजवळ ठेवू नका, कपाटात ठेवू नका. ओली नळी झाकू नका. झाडझुडीत काहीही माळ्यावर चढवा, पायाचं मशीन चढवू नका. अजून बरंच आहे, ते सिस्टर सांगते, आम्ही ऐकत नाही.

आमच्याकडं आता दर शनिवारी डबा उघडतो. वर्षा, दिलीप, मी. नळ्या उजेडात धरून आरपार पाहतो. दिलीप दर वेळी माळ्याकडं पाहून डोकं खाजवते. रोजची नळी मी स्वतः काढतो, आरशात पाहून. पहिल्या दिवशी भोक पाहिलं तर एवढंसं होतं. मला वाटत होतं विहिरीएवढं असेल.

दमायला होते. रोज उठा, काढा, धुवा, उकळा, वाळवा, घाला. एखाद्या सकाळी वाटते, राहू द्यावं, कोणासाठी करून राहिलो. मग वर्षा चहा घेऊन येते आणि उभी राहून पाहते, मी नळी काढली का नाही. चहा देत नाही तोवर. सासूच्या वरची निघाली.

यंदाच्या दसऱ्याला औजारं मांडली तेव्हा ती हळदकुंकवाची वाटी हातात घेऊन डब्यासमोर थांबली. माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांनीच विचारून राहिली होती.

मी म्हणालो, "लाव. वरून."

तिनं बोट बुडवलं आणि झाकणावर टेकवलं, जिथं ठिपक्यांनी नाव टाकलं होतं तिथं. बोट सरकलं तसं ठिपक्यांत कुंकू बसलं आणि अक्षरं लाल लाल उठून दिसली. चष्म्याशिवाय वाचता आलं मला. बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. ती जिवंत होती तोवर मी "अवं" म्हणायचो, आणि आवाज गेल्यावर ताटली वाजवायचो. 

अंगठा भोकावर ठेवला. म्हणालो, "सुमन."

घासलेल्या पत्र्यासारखंच निघालं.

"काही म्हणाले का मामाजी?" वर्षानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "फडकं आण कोरडं. उघडायच्या आधी पुसून घेऊ."